डीप फ्रीजरचं तापमान मोबाईलवर पाहायचंय? आधी हे तीन प्रश्न विचारा



मागच्या उन्हाळ्यात एका रात्री लाईन गेली आणि सकाळी चांदूर बाजारातल्या माझ्या दुकानातलं आईस्क्रीम पाणी होऊन पडलं होतं. फ्रीजरमध्ये मी स्वतः जोडलेला सेन्सर होता. मोबाईलवर ० अंश दिसत होतं. रोजच ० दिसायचं, म्हणून मी बिनधास्त झोपलो होतो. सेन्सर बिघडला नव्हता, मीच चुकीचा निवडला होता.

१. किती तापमान मोजायचंय?

मी स्वस्त म्हणून डीएचटी ११ घेतला. तो मोजतो ० ते ५० अंश, तेही २ अंश इकडंतिकडं. फ्रीजर चालतो उणे १८ वर. मग त्याला खालचं कळणार कसं? फ्रीजरसाठी स्टीलच्या टोपीचा वॉटरप्रूफ डीएस १८बी२० घ्या. तो उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये हवेतला ओलावाही पाहायचा असेल, तर डीएचटी २२ बरा.

२. आकडा मोबाईलपर्यंत येणार कसा?

फ्रीजर म्हणजे पत्र्याची पेटी. बोर्ड आत ठेवला तर वायफाय अडतं, ओलही धरते. म्हणून फक्त सेन्सर आत, ईएसपी ३२ बोर्ड बाहेर. डेटाची वायर आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. संत्र्याच्या बागेत वायफाय पोहोचत नसेल, तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल मागा.

३. लाईन गेली तर?

हाच खरा प्रश्न, आणि मी नेमका हाच विचारला नव्हता. लाईन गेली की राउटरही बंद. मग मेसेज पाठवणार कोण? बोर्ड आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. शिवाय अलार्म उलटा लावा: दर १० मिनिटांनी आकडा यावा, आणि अर्धा तास आला नाही तर मोबाईल वाजावा. डीएस १८बी२० ने उणे १२७ दाखवलं तर बहुतेक वायर सुटली आहे. चालू केल्याबरोबर ८५ दिसलं तर ते तापमान नव्हे, अजून मोजणीच झालेली नाही.

बाजारात नकली माल भरपूर आहे, म्हणून एक तपासणी कराच. ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, मधोमध सेन्सर. पाच मिनिटांनी ० च्या आसपास आकडा आला पाहिजे.

हे बनवून विकायचा विचार असेल, तर आधी महिनाभर स्वतःच्या दुकानात चालवा. रात्री मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहा, मोबाईल वाजतो का. औषधांच्या फ्रीजला मात्र हे लावून देऊ नका, तिथं प्रमाणित यंत्रच लागतं.

गिऱ्हाईक सेन्सरचे पैसे देत नाही, माल खराब होणार नाही या भरवशाचे देतं. तो भरवसा आधी तुम्हाला स्वतःला वाटला पाहिजे.