लग्न नैरोबीत, ताप मुंबईत

मित्राचे लग्न नैरोबीत आहे असे कळले, की पहिली धावपळ तिकिटांची होते, दुसरी आहेराची आणि कपड्यांची. मग कुणीतरी सुचवते, एवढे जातोच आहोत तर मसाई माराचे सिंह आणि मोंबासाचा समुद्रही पाहून येऊ. केनियात भारतीयांची वस्ती जुनी आहे. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली गेली, तेव्हा अखंड भारतातून सुमारे 32 हजार कामगार तिकडे नेले गेले. व्यापारीही गेले, काही घरे तिथेच रुजली. आज मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांत नैरोबी गाठता येते. अंतर इतके कमी वाटते, की आरोग्याच्या तयारीची आठवण निघण्याच्या आठवड्यात होते. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

लस कुणासाठी?

केनिया हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा, धोका असलेला देश मानला जातो. हा विषाणू एडिस डासामार्फत पसरतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास तोच. डास आहे, पण पीतज्वराचा विषाणू आजवर भारतात रुजलेला नाही. म्हणूनच आपले सरकार याबाबतीत कडक आहे. ही भीती अनाठायी नाही. 2016 मध्ये अंगोलात साथ सुरू असताना तिथून चीनला परतलेल्या 11 जणांना हा आजार झाल्याचे आढळले होते.

त्यामुळे जाताना कुणी विचारले नाही तरी परतताना लसीकरणाचे पिवळे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लसीने आठवड्याभराच्या सहलीत काम भागत नाही. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावे लागते. एकदा घेतली, की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. जुलै 2016 पासून दहा वर्षांची मुदत रद्द झाली आहे.

ही जिवंत विषाणूची लस आहे. त्यामुळे गर्भवती, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि अंड्याची तीव्र अॅलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. साठीपुढे गंभीर दुष्परिणाम विरळच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त. वऱ्हाडात आजी-आजोबा असतील तर हा निर्णय घाईत घेऊ नये.

यजमानांचे घर आणि पाहुण्यांची सहल

मलेरियाबाबत एक वाक्य हमखास ऐकू येते. नैरोबीतला मित्र म्हणतो, ‘अरे, आमच्याकडे कुठला मलेरिया!’ त्याच्यापुरते ते बरेचसे खरे असते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 ते 1,800 मीटर उंचीवर आहे. हवा थंड, त्यामुळे शहरात धोका कमी. पण पाहुणे लग्नानंतर शहरात थांबत नाहीत. मसाई मारात मलेरिया होऊ शकतो. मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर इथे धोका आणखी जास्त. सल्ला यजमानाच्या पत्त्यावरून नव्हे, तर पाहुण्यांचा प्रत्येक मुक्काम कुठे आहे ते पाहून घ्यायला हवा.

तिकडचा मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडांवर घाला घालणारा. त्यावर क्लोरोक्विन भरवशाचे राहिलेले नाही. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. दोन्ही गोळ्या धोक्याच्या भागात जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. त्या भागातून बाहेर पडल्यावर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, तर दुसरी गोळी सात दिवस चालू ठेवायची असते. घरी पोहोचताच गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. ते घेणाऱ्यांची त्वचा उन्हात लवकर भाजते, हेही सफारीवर लक्षात ठेवावे.

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. संगीत आणि मेजवान्यांचीही वेळ नेमकी तीच. पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगावर डास पळवणारे मलम आणि रात्री मच्छरदाणी, एवढे तरी करावेच. व्हिक्टोरिया सरोवरात पोहण्याचा मोह टाळावा. तिथल्या गोगलगायींतून पाण्यात आलेल्या कृमींच्या अळ्या न टोचता, न दुखता त्वचेतून शरीरात शिरतात. त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो.

परतल्यानंतरचे तीन महिने

मलेरियाचा ताप सहसा डास चावल्यानंतर सात दिवसांच्या आत येत नाही. फाल्सिपेरमचा ताप बहुधा तीन महिन्यांच्या आत येतो, क्वचित त्यानंतरही. म्हणजे तो बहुतेकदा लग्नाचे फोटो पाहून झाल्यावर, कामावर रुजू झाल्यावर येतो. पावसाळ्याचे दिवस असले तर ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉलवर निघतात. फाल्सिपेरममध्ये हेच दोन दिवस जीवघेणे ठरू शकतात.

म्हणून परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची रक्त तपासणी करावी. गोळ्या नेमाने घेतल्या असल्या तरीही, कारण त्या पूर्ण हमी देत नाहीत. पहिल्या तपासणीत काही आढळले नाही आणि ताप उतरला नाही, तर 12 ते 24 तासांनी ती पुन्हा करावी. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टर प्रवासाबद्दल विचारतीलच असे नाही. त्यांनी विचारण्याआधी रुग्णाने स्वतःहून सांगावे, ‘मी केनियाहून आलो आहे, अमुक तारखेला परतलो.’ निदानाची दिशा बदलायला एवढे एक वाक्य पुरेसे असते.