न्हावा शेवा आणि घानातला एक सर्व्हर

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक कुलूपबंद केले आणि न्हावा शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मध्यवर्ती सर्व्हरच्या प्रती एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एकदम गेल्या. वाचली ती घानातली, वीज गेल्यामुळे नेटवर्कबाहेर राहिलेली. बॅकअपचं बळ प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांच्या अलगपणात असतं. कुणी म्हणेल, डिस्क एन्क्रिप्ट केली असताना भीती कसली? पण एन्क्रिप्शन चोराला अडवतं, नाशाला नाही. उलट, किल्ली जपणारा डिस्कवरचा चिमुकला भाग बिघडला, तर पासवर्ड ठाऊक असूनही सारा मजकूर हातचा जातो. म्हणून त्या भागाची प्रत आणि रिकव्हरी की वेगळ्या जागी हवी. आणि बॅकअपमधल्या फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडतात का, हे अधूनमधून पाहायलाच हवं.