इंग्लंडची विद्यापीठे : पैसा विद्यार्थ्यामागून

इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत पूर्णवेळ पदवी शिक्षणासाठी विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागत नसे. शिकवण्याचा खर्च सरकारी पैशातून भागे. १९१९ साली नेमलेली विद्यापीठ अनुदान समिती आणि पुढे तिच्या जागी आलेल्या संस्था हा पैसा विद्यापीठांना वाटून देत. भारताचा विद्यापीठ अनुदान आयोग याच नमुन्यावर उभा राहिला. १९९८ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने वर्षाला १,००० पौंडांपर्यंत शुल्क लावले. २००४ साली ते वाढवण्याचे विधेयक संसदेत अवघ्या पाच मतांनी तरले आणि २००६ पासून शुल्काची मर्यादा ३,००० पौंड झाली.

खरी उलथापालथ २०१२ ची. मर्यादा एकदम ९,००० पौंडांवर गेली आणि शिकवण्यासाठीचे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले गेले. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे तर जवळजवळ सगळेच. विद्यार्थ्याला हे पैसे सरकारी कर्जातून मिळतात. पदवीनंतर उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेले की वरच्या भागातून ९ टक्के कापले जातात आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. म्हणजे न फिटलेल्या कर्जाचा भार शेवटी सरकारी तिजोरीवरच येतो. सरकारचा खर्च संपला नाही, फक्त तो कुठे जाणार हे ठरवण्याचे काम अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या निवडीवर सोपवले गेले.

विद्यापीठे शुल्क कमी ठेवून चढाओढ करतील, अशी सरकारची अपेक्षा होती. तसे घडले नाही. स्वस्त म्हणजे हलके, असा समज होईल या धास्तीने बहुतेक सर्वांनी कमाल शुल्कच लावले. मग चढाओढ उरली ती विद्यार्थिसंख्येची. प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशसंख्येवर असलेले बंधन २०१५ मध्ये उठले आणि नामांकित विद्यापीठांना हवे तितके विद्यार्थी घेण्याची मुभा मिळाली. त्यांनी आधी वाढवले ते इतिहास, इंग्रजी, कायदा यांसारखे विषय, कारण त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. लहान विद्यापीठांचे नुकसान नेमके इथेच झाले. याच विषयांच्या वर्गांतून उरणाऱ्या पैशावर त्यांचे खर्चिक विभाग चालत होते. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी ग्राह्य धरल्या गेल्या, गुण वाढले आणि मोठ्या विद्यापीठांकडचा ओघ आणखी वाढला.

त्यात शुल्क गोठले. २०१७ पासून ते ९,२५० पौंडांवर अडकून राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर पोचला, तरी शुल्क तेवढेच होते. २०२५ मध्ये ते ९,५३५ पौंड झाले. आठ वर्षांच्या झिजेपुढे ही वाढ तुटपुंजीच.

तूट भरून निघाली ती परदेशी विद्यार्थ्यांच्या पैशातून. त्यांच्या शुल्कावर मर्यादा नाही. बऱ्याच ठिकाणी ते वर्षाला २०,००० पौंडांहून अधिक असते. शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी करण्याची मुभा जुलै २०२१ मध्ये पुन्हा मिळू लागली आणि २०२२ मध्ये अभ्यास व्हिसा मिळवणाऱ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. शैक्षणिक कर्ज काढून एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी गेलेली महाराष्ट्रातील मुलेही त्यांत आहेत. इंग्रज विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा काही भार अशा कुटुंबांवर टाकणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय बेभरवशाचेही आहे. जानेवारी २०२४ पासून अशा बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार वा मुले सोबत नेण्यास मनाई झाली, अर्ज घटले आणि अनेक विद्यापीठांचे अंदाजपत्रक कोलमडले.

स्कॉटलंडची वाट वेगळी आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना शुल्क भरावे लागत नाही. पण सरकार ठरावीक जागांचाच खर्च उचलते, त्यामुळे प्रवेश मर्यादित राहतात आणि विद्यापीठांची ओढाताण तिथेही चुकलेली नाही.

इंग्लंडमध्ये कात्री आता थेट विषयांवर चालते आहे. केंट विद्यापीठाने २०२४ मध्ये तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कला-इतिहास हे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. नियमानुसार, आधीच प्रवेश घेतलेल्यांचे शिक्षण पूर्ण कसे होणार याची योजना विद्यापीठाला तयार ठेवावी लागते. पण घरी राहून, नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या पुढच्या तुकडीसाठी तो विषय त्या भागात शिल्लक राहील, हे पाहण्याची जबाबदारी विद्यापीठावर नाही.