आपला गहू आणि त्याचा शेतकरी

होळी आटोपली आणि चैत्राचे ऊन तापू लागले, की भोपाळच्या घराघरांतून वर्षाचा गहू भरण्याची बोलणी सुरू होतात. महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या ज्या कुटुंबांची जुनी पिढी ज्वारीच्या भाकरीवर वाढली, त्यांच्याही घरी आता सिहोरचा शरबती गहू कोठीत पडल्याशिवाय गृहिणीला स्वस्थता वाटत नाही. आपण दाणा तळहातावर घेतो, दातांखाली चावून पाहतो, मागल्या वर्षीचा भाव आठवतो आणि थोडी घासाघीस करून पोती घरी आणतो. तो दाणा पिकविणाऱ्याला पुढल्या वर्षी पुन्हा पेरणे परवडेल की नाही, हा प्रश्न मात्र या व्यवहारात सहसा कोणी विचारीत नाही. तो का विचारावयास हवा, हे थोडक्यात समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मागचा इतिहास पाहू. 1943 साली बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे मृत्युमुखी पडली. 1947 च्या फाळणीत पश्चिम पंजाबचा कालव्यांखालील सुपीक गहूपट्टा पाकिस्तानात गेला. 1950-51 साली साऱ्या भारतात गहू पिकला तो अवघा 65 लाख टनांच्या आसपास. आपल्या परिसरात जमिनीची वाण नव्हती. परंतु काळ्या मातीत खोलवर मुळे रोवणाऱ्या कांस नावाच्या गवताने विस्तीर्ण क्षेत्र व्यापले होते आणि बैलांच्या नांगराने ते निघत नसे. तेव्हा केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेची अवजड यंत्रे या कामी लावण्यात आली. त्यांच्या खरेदीसाठी 1949 साली जागतिक बँकेने भारताला 1 कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. ज्या प्रदेशांत हे काम झाले, त्यांत तत्कालीन भोपाळ राज्यही होते. आज आपण ज्यांना गव्हाची शेते म्हणून ओळखतो, त्यांतील पुष्कळ जमीन अशी गवताच्या तावडीतून सोडवून घ्यावी लागली.

तरीही देशाचे पोट भरेना. ऑगस्ट 1956 मध्ये अमेरिकेच्या ‘पीएल-480’ या कायद्यान्वये धान्य घेण्याचा पहिला करार झाला. पुढे 1965 व 1966 अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, आणि 1966 साली सुमारे 1 कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्या काळात गव्हाच्या बोटी हात आखडून, थोड्या थोड्या सोडीत असत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि घरोघरी लोकांनी ते पाळले. परक्याच्या धान्यावर जगणाऱ्या राष्ट्राला आपले मतही मोकळेपणाने मांडता येत नाही, हा त्या वर्षांचा धडा होय.

त्यातून मार्ग कसा निघाला? 1965 साली भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. 1966 साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आणले गेले. नॉर्मन बोरलॉग यांनी निर्माण केलेल्या वाणांवर डॉ. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे परिश्रम केले, आणि अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् यांनी टीका सोसून त्यांना पाठबळ दिले. 1968 च्या हंगामात 160 लाख टनांहून अधिक गहू निघाला, तेव्हा सरकारने त्या प्रीत्यर्थ टपाल तिकीट काढले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या बियाण्याला पाणी व खत लागे, म्हणजे खर्च लागे. आणि पिकलेला माल ठरलेल्या भावाने कोणी तरी घेईल अशी खात्री वाटल्यामुळेच शेतकऱ्याने तो खर्च करण्याचे धाडस केले. बियाणे आणि भाव या दोन चाकांवर हा गाडा चालला.

त्यानंतर मध्य प्रदेशाने मोठीच मजल मारली. पूर्वी भोपाळ-माळव्याकडील काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू घेत. पुढे तवा, बारना, हलाली यांसारखी धरणे झाली, विहिरी व कूपनलिका आल्या. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनचे प्रयोग झाले आणि पड राहणाऱ्या जमिनीत पावसाळी पीक उभे राहिले. सिहोरच्या कृषी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते रफी अहमद किडवाई 1952 ते 1954 या काळात देशाचे अन्नमंत्री होते व धान्यावरील नियंत्रणे उठविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या काळी तुटीची चिंता होती. 2020 साली मात्र मध्य प्रदेशाने सुमारे 129 लाख टन गहू सरकारी खरेदीत देऊन पंजाबलाही मागे टाकले. 2023-24 साली देशाचे गव्हाचे उत्पादन 1,133 लाख टनांवर पोहोचले.

मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. चिंता तीन गोष्टींची आहे: ऋतूची, जमिनीची आणि भावाची.

ऋतूचे उदाहरण ताजे आहे. गव्हाच्या ओंबीत दाणा चिकात असताना थंडी टिकावी लागते. त्या पंधरा-वीस दिवसांत उष्मा वाढला तर दाणा भरण्यापूर्वीच पिकतो आणि हलका राहतो. मार्च 2022 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि पीक घटले. त्याच सुमारास युक्रेनच्या युद्धामुळे जगात गव्हाचे भाव चढले व शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांना माल विकला. परिणामी सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या 433 लाख टनांवरून 188 लाख टनांवर आली. 13 मे 2022 रोजी निर्यात बंद करावी लागली. त्यापूर्वी, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत उभी पिके झोडपली होती. चार महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात जमीनदोस्त होते. आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशीच येतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. काळी माती पाणी धरून ठेवते. तिला कालव्याचे पाणी बेताने द्यावे लागते. तवा धरणानंतर होशंगाबादकडील, म्हणजे आजच्या नर्मदापुरमकडील काही शेतांत पाणी साचून जमीन चिबड झाली, तेव्हा 1977 साली तेथे ‘मिट्टी बचाओ’ आंदोलन उभे राहिले. सोयाबीन आणि गहू, गहू आणि सोयाबीन असा फेर वर्षानुवर्षे चालला, की गंधक व जस्त यांसारखी द्रव्ये मातीतून कमी होतात. हार्वेस्टरने कापणी झाल्यावर उरणारी धसकटे, जिला आपल्याकडे नरवाई म्हणतात, ती जाळली म्हणजे मातीत मुरावयाचा सेंद्रिय अंश धुरात जातो. बैरसिया रस्त्यावर नबीबाग येथे भारतीय मृदा विज्ञान संस्था 1988 पासून याच प्रश्नांचा अभ्यास करीत आहे. कित्येक भोपाळकर तिच्या दारावरून रोज जातात. आत आपल्या ताटातील पोळीचाच विचार चालला आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. शिवाय पालाश खत जवळजवळ सर्व आणि डीएपी मोठ्या प्रमाणावर परदेशातून येते. धान्याच्या बोटी थांबल्या खऱ्या. खताच्या बोटींची वाट मात्र अजून पाहावी लागते.

या संदर्भात आपल्या शहराला एक गोष्ट विसरता येणार नाही. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो पिकांवरील किडीसाठी ‘सेव्हिन’ नावाचे औषध बनवीत असे आणि मिथाइल आयसोसायनेट हा त्याच औषधाचा कच्चा माल होता. हजारो माणसे प्राणास मुकली, आणि त्याहून कितीतरी अधिक जन्मभराचे रोगी झाले. अधिक धान्य पिकविण्याची साधने सुरक्षित नसली, तर त्यांची किंमत ज्यांनी कधी नांगर धरला नाही त्यांनाही मोजावी लागते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट भावाची. मध्य प्रदेशात शेतकऱ्याजवळ सरासरी 1.57 हेक्टर, म्हणजे चार एकरांस थोडी कमी जमीन आहे, असे 2015-16 ची कृषिगणना सांगते. समजा, एकरी 15 क्विंटल गहू झाला, तर एकूण 60 क्विंटल होतो. 2025 च्या हंगामात आधारभूत भाव क्विंटलला 2,425 रुपये होता व राज्याने वर 175 रुपये बोनस दिला. परंतु ज्याला खरेदी केंद्रावर थांबणे शक्य नाही आणि ज्याने बाजारात आधारभूत भावापेक्षा 200 रुपये कमी घेऊन माल दिला, त्याचे बोनस धरून क्विंटलमागे 375, म्हणजे एकंदर 22,500 रुपये गेले. बियाणे, खत, डिझेल, हार्वेस्टरचे भाडे यांचा खर्च एका पैशानेही कमी होत नाही. म्हणून ही तूट मुलांच्या फीमधून किंवा घरातील औषधपाण्यातून निघते. गव्हाची निदान सरकारी खरेदी तरी होते. 2024 साली सोयाबीनचा आधारभूत भाव 4,892 रुपये असता बाजार 4,000 च्या आसपास घसरला होता. 6 जून 2017 रोजी मंदसौर येथे भावासाठी चाललेल्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते वर्ष दुष्काळाचे नव्हते. पीक भरपूर आल्याने भाव कोसळले होते.

आपले शेत लहान म्हणून ही अडचण, असे समजू नये. अमेरिकेत 2022 च्या गणनेनुसार सरासरी शेत 463 एकरांचे आहे आणि शेतकऱ्याचे सरासरी वय 58 वर्षे. 2018 साली चीनशी जकातीचा तंटा होताच तेथील सोयाबीन पडून राहिले व सरकारला 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली. ज्या देशाचा गहू आपण एकेकाळी मागून खाल्ला, त्याचा शेतकरीही ऋतू, कर्ज आणि बाजार यांच्या कात्रीत आहे.

यावर असा आक्षेप येतो, की धान्य महागले तर गरिबाने काय खावे? आक्षेप रास्त आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य मिळू लागले. असंख्य चुली त्यावर पेटतात. परंतु गरिबाला स्वस्त देण्याचा भार साऱ्या समाजाने करांच्या रूपाने उचलावयाचा असतो. निर्यातबंदी करून किंवा भाव पाडून तो चार एकरवाल्याच्या खांद्यावर टाकणे न्याय्य नव्हे. तसे केले तर त्याची मुले शेती सोडतील, आणि मग आपली कोठारे कोण भरील?

आपण शहरातील माणसे धोरणे ठरवीत नाही. तथापि काही गोष्टी आपल्या हाती आहेत. वर्षाचा गहू घेताना चार-पाच कुटुंबांनी मिळून सिहोर, रायसेन किंवा विदिशाच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावा, आणि त्याला निदान आधारभूत भाव व बोनस मिळेल इतके तरी द्यावे. मधला खर्च वाचत असल्याने आपलेही नुकसान होणार नाही. लग्नकार्यांत पाने टाकली जाणार नाहीत असा बेत ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस ज्वारी, बाजरी किंवा मका खावा. कमी पाण्यावर येणाऱ्या या पिकांना गिऱ्हाईक मिळाले तरच शेतकरी ती पेरील. आणि येत्या चैत्रात पोती उतरवून घेताना भावाबरोबर एवढे अवश्य विचारावे, की यंदा तुमच्याकडे पीक कसे आले, आणि घातलेला खर्च निघाला का?