रुसव्याचे इंग्रजी शब्द

'रुसणें' याला इंग्रजी शब्द कोणता, असें विचारलें तर 'सल्क' हें उत्तर बहुधा मिळतें. तें चूक नव्हे, पण अपुरें आहे. मन बिघडल्याचे इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांचीं मुळें शोधूं गेल्यास त्यांचीं दोन कुळें दिसूं लागतात. एका कुळांत माणूस आजारी ठरतो, दुसऱ्यांत हट्टी.

पहिलें कुळ वैद्याच्या घरचें. रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त असे चार रस शरीरांत असतात व त्यांचें प्रमाण बिघडलें कीं स्वभाव बिघडतो, ही ग्रीक वैद्यकांतील समजूत युरोपांत शेंकडों वर्षें टिकली. 'मेलंकली' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच काळें पित्त. 'ह्यूमर' म्हणजे लॅटिन भाषेंत ओलावा. आज त्याचा अर्थ विनोद असा झाला असला, तरी बिघडलेल्या मनाला 'इल ह्यूमर' म्हणतात, त्यांत तो जुना रस उरलाच आहे. 'टेम्पर' हा शब्द मिसळणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला. 'स्प्लीन' म्हणजे प्लीहा. चिडखोरपणाचें व उदासीचें मूळ त्या इंद्रियांत आहे असें मानीत. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टननें १६२१ सालीं विषण्णतेवर प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि जॉर्ज चेनी या डॉक्टरानें १७३३ सालीं अशा दुखण्यांवरील आपल्या पुस्तकाला 'इंग्रजी व्याधि' असेंच नांव दिलें. मराठींत माणसाचें पित्त खवळतें, तेंहि वैद्यकांतूनच आलेलें आहे.

दुसरें कुळ एकांताचें. 'सलन' म्हणजे घुमा. त्याचें मूळ 'एकटा' या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. 'सल्की' म्हणजे रुसका; अठराव्या शतकांत हेंच नांव एका हलक्या दुचाकी घोडागाडीला मिळालें, कारण तींत एकच माणूस बसूं शके. श्रीमंत स्त्रीच्या खाजगी दालनाला 'बूद्वार' म्हणतात. हा शब्द फ्रेंच असून रुसणें या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे. कैकेयीच्या कोपभवनाची येथें सहज आठवण होते. 'हफ' म्हणजे मूळची फुंकर. आपल्या रुसव्याबरोबर फुगवा येतो, तसाच हा प्रकार.

मराठी 'रुसणें' मात्र यांपैकीं कोणत्याच कुळांत नीट बसत नाहीं. इंग्रज मनुष्य बहुधा एखाद्या गोष्टीबद्दल 'सल्क' करतो; मराठी मनुष्य कोणावर तरी रुसतो. परक्यावर कोणी रुसत नाहीं. रुसणाराला समजूत काढणारा हवा असतो, आणि तो येईल हा भरंवसाहि असतो.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाहीं. काळ्या पित्ताची कल्पना वैद्यकानें केव्हांच टाकून दिली. पण दीर्घ विषण्णता हें खरें दुखणें आहे, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. घरांतलें मूल किंवा सून दिवसेंदिवस बोलेनाशी झाली, जेवणावरची व झोपेवरची वासना उडाली, कीं 'रुसली असेल' म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. रुसवा असेल तर तो मनधरणीनें जाईल. दोन आठवडे लोटूनहि तो गेला नाहीं, तर शब्द बदलावा आणि डॉक्टरांस बोलवावें.