इंजिन बंद, गाडी चालू

बोरघाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका, असे ट्रकचालकांना वर्षानुवर्षे बजावले जाते. कारण उघड आहे. इंजिन थांबले की एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होते आणि गिअरमध्ये असताना इंजिन जो अटकाव करते तोही जातो. मग सगळा भार एकट्या ब्रेक लायनरवर येतो आणि लायनर तापत जातात.

जपानच्या द्रुतगती मार्गांवर हिनो कंपनीचा ‘प्रोफिया हायब्रिड’ हा अवजड ट्रक उतार लागला की यातली निम्मी गोष्ट बिनदिक्कत करतो. इंजिन चाकांपासून सोडवतो, बंद करतो आणि पुढे जात राहतो. फरक एवढाच की तो न्यूट्रलमध्ये नसतो. गिअरबॉक्सला एक विजेची मोटर जोडलेलीच असते. उतारावर चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते, आणि वीज तयार करताना गाडीला मागे खेचते. ब्रेक लायनरमध्ये उष्णता होऊन वाया गेली असती ती ऊर्जा बॅटरीत जमा होते.

हायब्रिड ट्रकविषयी सर्वांत जास्त कुतूहल असते ते मोटरवरून इंजिनवर आणि इंजिनवरून पुन्हा मोटरवर होणाऱ्या या बदलाचे. चालक बटण दाबतो का? गाडी झटका देते का? प्रश्न रास्त आहेत, पण बदल घडवणारा भाग तसा साधा आहे. खरी गुंतागुंत तो कधी घडवायचा हे ठरवण्यात आहे. हिनोचाच तीस वर्षांचा प्रवास पाहिला तरी हे ध्यानात येते.

हिनोने १९९१ मध्ये ‘एचआयएमआर’ नावाची यंत्रणा असलेली शहरी बस बाजारात आणली. टोयोटाची प्रियस यायला अजून सहा वर्षे होती. या बसमध्ये फ्लायव्हीलच्या जागी चकतीसारखी मोटर बसवली होती. निघताना आणि वेग घेताना ती डिझेल इंजिनाला हात देई, ब्रेक लावताना वीज तयार करी. मात्र मोटर इंजिनाच्या दांड्यालाच जखडलेली होती. मोटर फिरली की इंजिन फिरणारच. त्यामुळे ‘विजेवर चालणे’ असे काही तिथे नव्हतेच, मदतनीस मोटर होती इतकेच. २००३ मध्ये आलेल्या ‘ड्युट्रो हायब्रिड’ या छोट्या मालवाहू ट्रकातही तीच मांडणी राहिली. या मांडणीत एक अंगभूत गळती आहे. ब्रेक लावताना चाकांकडून आलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा इंधन बंद असलेले इंजिन फुकट फिरवण्यातच खर्च होतो आणि मोटरच्या वाट्याला उरलेसुरले येते.

२०११ मध्ये हिनोने ड्युट्रोमध्ये इंजिन आणि मोटर यांच्यामध्ये आणखी एक क्लच घातला. चालकाच्या पायाखाली त्याचे पेडल नाही. तो संगणकाच्या हुकमावर उघडतो आणि मिटतो. उघडला की इंजिन बाजूला होते आणि मोटर एकटीच गिअरबॉक्सशी बोलते. मिटला की दोघे एकाच दांड्यावर येतात. अमेरिकेच्या ईटन कंपनीने हेच तत्त्व आधी वापरले होते. तिची यंत्रणा बसवलेल्या व्हॅन २००४ मध्ये फेडेक्सच्या ताफ्यात दाखल झाल्या होत्या. आज ‘पॅरलल हायब्रिड’ म्हटले की बहुतेक वेळा हीच रचना असते: इंजिन, क्लच, मोटर, गिअरबॉक्स, एकामागोमाग एक.

आता प्रत्यक्ष बदल कसा होतो ते पाहू. ट्रक मोटरवर हळूहळू चालला आहे, इंजिन बंद आहे. पुढे रस्ता मोकळा झाला आणि चालकाने पेडल दाबले. मोटरच्या एकटीच्या आवाक्याबाहेरचा जोर मागितला गेला आहे हे संगणकाला कळते. आता इंजिन सुरू करायचे, तेही धावत्या गाडीत. काही ट्रकांत त्यासाठी वेगळा स्टार्टर वापरतात. काहींत मधला क्लच थोडासा मिटवून मोटरच इंजिनाला फिरवते. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून ते फिरवायला चांगलाच जोर लागतो. हा जोर चाकांच्या वाट्यातून गेला तर गाडी गचका खाणार. म्हणून मोटर त्याच क्षणी तेवढी जास्त ताकद लावते आणि चाकांना मिळणारा जोर तसाच राखते. एवढ्यासाठी तिच्याकडे थोडी ताकद कायम राखीव ठेवावी लागते. मोटर पूर्ण जोरावर पोहोचेपर्यंत वाट पाहिली तर इंजिन सुरू करायला हाताशी काही उरणार नाही.

इंजिनाने पेट घेतला की त्याचे फेरे मोटरच्या फेऱ्यांशी जुळवले जातात. दोन्हीकडचे आकडे जुळले की क्लच पूर्ण मिटतो. त्यानंतर इंजिनाचा जोर चढत्या आणि मोटरचा उतरत्या क्रमाने येतो, आणि दोहोंची बेरीज चालकाच्या पायाने मागितली होती तेवढीच ठेवली जाते. चालकाला फार तर केबिनखालून आवाज जाणवतो. हे सगळे उरकायला सेकंदभरसुद्धा लागू नये, अशी अपेक्षा असते.

उलटा प्रवास सोपा. इंजिनाचा जोर शून्यावर आणायचा, क्लच उघडायचा, इंधन तोडायचे.

मात्र इंजिन बंद करण्यापूर्वी त्याच्या पट्ट्यावर आणि गिअरवर आजवर फुकट पोसलेल्या बिऱ्हाडाची सोय लावावी लागते. हवेचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप, कूलिंग, शीतपेटीचा ट्रक असेल तर तीही. विजेवर धावायचे असेल तर ब्रेकची हवा आणि स्टिअरिंग दोन्ही विजेवर चालले पाहिजेत. घाटात इंजिन बंद करणारा चालक जिवाशी खेळत असतो आणि हा ट्रक खेळत नसतो, त्याचे उत्तर इथे आहे. टाकीतली हवा ठरावीक पातळीखाली गेली किंवा बॅटरी फार उतरली, तर संगणक बाकी सगळे बाजूला ठेवून इंजिन सुरू करतो.

निर्णयाचे साधे नियम असे. मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, डिझेल इंजिन मात्र रांगताना आणि नुसते घुरघुरताना इंधन उधळते. म्हणून निघणे आणि गर्दीत सरकणे मोटरकडे. एकसारख्या वेगाचे लांब अंतर इंजिनाकडे. चढ किंवा ओव्हरटेक असेल तर दोघे मिळून. इंजिनावर भार कमी असेल तर त्याला थोडे जास्त राबवून बॅटरी भरून घ्यायची, कारण डिझेल इंजिन बऱ्यापैकी भाराखालीच सर्वांत काटकसरी असते.

इथपर्यंत ठीक आहे, पण पुढच्या वळणावर काय आहे ते न कळणाऱ्या संगणकाचे हे नियम आहेत. आठ टनांचा ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याच्या गतीत जेमतेम ०.२ युनिट वीज साठलेली असते. शहरातल्या सिग्नलवर थांबताना तेवढीच परत मिळवायची, म्हणून ड्युट्रोला दोन युनिटांपेक्षा लहान बॅटरी पुरली. मुंबईत २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटा मोटर्सच्या २५ हायब्रिड बस आल्या, त्यामागेही थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीचेच गणित होते. डोंगराचा हिशेब वेगळा. २५ टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरला, म्हणजे साधारण बोरघाट उतरला, तर सुमारे ३४ युनिट ऊर्जा सुटते. काही टायर खातात, काही वारा खातो, तरी उरते ती भरपूर. चढणीवरच बॅटरी काठोकाठ भरून घेतली असेल तर ती ठेवायला जागाच नाही.

प्रोफिया हायब्रिड २०१९ मध्ये बाजारात आला तो याचे उत्तर घेऊन. ट्रक कुठे आहे आणि नकाशावर पुढे किती उंची-सखलता आहे, यावरून त्याची यंत्रणा पुढच्या १०० किलोमीटरच्या चढ-उतारांचा अंदाज बांधते आणि बॅटरी कुठे रिकामी करायची, कुठे भरायची ते आधीच ठरवते. हायब्रिड म्हणजे फक्त शहरासाठी, हा समज यामुळे ढिला झाला. नेहमीच्या ट्रकपेक्षा १५ टक्के इंधन वाचते, असे कंपनी सांगते. आकडा कंपनीचा आहे हे लक्षात ठेवलेले बरे: डिझेल इंजिनांच्या धूर आणि इंधनवापराच्या प्रमाणपत्र चाचण्यांत आपण गैरप्रकार केल्याचे याच हिनोने मार्च २०२२ मध्ये कबूल केले. उताराचा अंदाज बांधण्याची कल्पना त्याने खोटी ठरत नाही, टक्केवारीकडे मात्र जरा जपून पाहावे लागते.

धुराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक पेच. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मारणारी यंत्रणा गरम असेल तरच काम करते. साधारण २०० अंशांखाली तिचा उपयोग फारसा होत नाही. इंजिन सारखे बंद-चालू होऊ लागले की ती थंड पडते. अमेरिकेतील चाचण्यांत काही हायब्रिड ट्रक डिझेल कमी पिऊनही नायट्रोजन ऑक्साइड जास्त सोडताना आढळले. तेव्हा इंजिन बंद करणे हे दरवेळी शहाणपणाचे नसते, आणि चांगली यंत्रणा अधूनमधून ते केवळ सायलेन्सरकडची ऊब टिकवण्यासाठी चालू ठेवते.

स्वीडनच्या स्कॅनियाने निर्णयाचा एक भाग नकाशावरच आखून टाकला. स्टॉकहोमच्या मध्यभागी रात्री माल उतरवायचा तर आवाज नको. हावी ही वाहतूक कंपनी मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांना स्कॅनियाच्या प्लग-इन हायब्रिड ट्रकने रात्री माल पोहोचवू लागली. ठरवलेल्या हद्दीत ट्रक शिरला की इंजिन बंद होऊन मोटर काम हाती घेते. त्या पिढीच्या ट्रकांत मोटर १३० किलोवॉटची आणि बॅटरीतली वापरण्याजोगी वीज ७.४ युनिट, म्हणजे विजेवर १० किलोमीटरच्या आसपास. म्हणून हद्दीत शिरण्यापूर्वी बॅटरी शिल्लक राखणे हेही संगणकाचेच काम झाले. २०२१ च्या पिढीत स्कॅनियाने दोन मोटरी घातल्या आणि बॅटरी ९० युनिटांची केली. पल्ला ६० किलोमीटरपर्यंत गेला. दोन मोटरींमुळे गिअर बदलताना जोर क्षणभरही तुटत नाही, जे एका मोटरच्या मांडणीला जमत नव्हते.

खाणीतले अजस्र डंपर या चर्चेत अनेकदा चुकून ओढले जातात. बेलारूसचा बेलाझ ७५७१० हा ४५० टन माल वाहणारा डंपर विजेच्या मोटरींवरच चालतो, पण ती वीज डिझेल इंजिने जागच्या जागी बनवतात. वीज साठवणारी मोठी बॅटरी नाही, त्यामुळे तिथे पाळी बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

राहता राहिला चालक. बटण त्याला दाबावे लागत नाही, तरी निकाल बराचसा त्याच्या पायावर असतो. ब्रेकच्या पेडलचा पहिला टप्पा बहुधा मोटरकडे जातो आणि जोराने दाबले तरच हवेचे ब्रेक लागतात. सिग्नल लांबून हेरून हलका पाय ठेवणाऱ्याची बॅटरी भरते. जवळ जाऊन कचकन ब्रेक मारणाऱ्याची ऊर्जा लायनरमध्ये जाते. लांब उतारावर बॅटरी भरली की मोटरचा अटकाव कमी होतो आणि एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर ते काम उचलतो. ही अदलाबदल पाठीला जाणवते, म्हणून नव्या चालकाला ती आधी सांगून ठेवावी लागते. नाहीतर ब्रेकच गेले असे वाटून तो पेडलवर उभा राहतो.