लूपमध्ये कोणतं पाणी?

चिकपेटेला लागूनच एस. पी. रोड आहे, बंगळुरूचा संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. संगणक पाणी फिरवून थंड ठेवणाऱ्या लूपसाठी लागणारं वॉटर ब्लॉक, पंप, रेडिएटर, सगळं इथं मिळतं. पाणी मात्र घरच्या नळाचं कधीच वापरू नका.

बंगळुरूत दोन प्रकारचं पाणी येतं. कावेरीचं सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेलं, आणि बोअरवेलचं. बोअरचं जड असतं. पाणी तापलं की त्यातला चुना भांड्याच्या बुडाला धरतो, तसाच तो ब्लॉकमध्येही धरतो. तिथल्या तांब्याच्या पात्यांमधली फट मिलिमीटरहूनही अरुंद असते. आरओचं पाणी बरं, पण त्यातही क्षार उरतातच.

घ्यायचं ते डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी. इन्व्हर्टरच्या दुकानात ‘बॅटरी वॉटर’ म्हणून कॅन मिळतो. लेबल नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं ॲसिडही असतं! मात्र नुसतं शुद्ध पाणी पुरत नाही. त्यात शेवाळ धरतं, धातूही झिजतो. म्हणून शेवाळनाशक आणि गंजरोधक हवंच, नाहीतर तयार कूलंट घ्यावा. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये. ॲल्युमिनियम गंजत जातं.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, हे खरं. पण लूपमध्ये फिरताना ते धातूचे आयन उचलतं, त्यामुळे गळती झाली तर मदरबोर्ड वाचेलच असं नाही. पाणी साधारण वर्षाने बदला. कारखान्यातून सीलबंद येणारा कूलर मात्र उघडू नका.